खिडकीत मोर, पोटात बोअर

दवाखान्याच्या बाकड्यावर नंबर येईपर्यंत बायका काय करत असतील, असं तुम्हाला वाटतं? देवाचं नाव घेतात, हे खरं. पण मी आणि उदगीरची शिवकांता शेजारी बसलो की आधी किस्से निघतात. एक संपला की ती म्हणते, "अगं, आणि ते बोअरचं?" की पुन्हा सुरू. असे किस्से जमवावे लागत नाहीत. बांधावरच्या गाजरगवतासारखे ते आपोआप वाढतात.

मागच्या खेपेला समोर एक नवी आई बसली होती. पोरगं सुजलेलं, तिचे डोळे रडून लाल. आम्हा दोघींकडं ती अशी बघत होती, जणू आम्ही कुणाच्या मयतीत फुगडी घालून राहिलो. तिचं चुकलं नाही. वॉर्डातल्या पहिल्या दिवशी मीही हसणाऱ्या बायकांकडं असंच बघितलं होतं. मग मी तिला जवळ बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेच इथं लिहिते.

* * *

माझा ओम तेव्हा पाच वर्षांचा. आमचं घर लातूरला, माहेर हिमायतनगरजवळच्या खेड्यात. सुट्टीला मी त्याला घेऊन माहेरी गेले, आणि काही दिवसांतच पोराचे गाल भरले. माझी आई खूश. शेजारणी यायच्या, गाल ओढायच्या आणि म्हणायच्या, मामाचं गाव लई मानवलं लेकराला. माझ्या भावानं तर फोटो काढून लातूरला पाठवला.

लगेच सासूबाईंचा फोन. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी माझ्या आईलाच फोनवर बोलावलं आणि विचारलं, "आमच्या घरी काय उपाशी ठेवत होतो का त्याला?"

आईनं मग जिद्दीनं अजून तूप वाढलं.

पुढं चड्डीचं इलास्टिक पोटात रुतायला लागलं. मी वेडी, बाजारातून एक माप मोठी चड्डी आणली. मग एका सकाळी ओम उठला आणि त्याचे डोळेच उघडेनात, पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या. मी घाबरून त्याच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, इथं थांबू नका, नांदेडला जा.

आत्याबाई लातूरहून एस.टी.नं थेट वॉर्डात आल्या. नातवाला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी आई कोपऱ्यात रडत उभी होती. आत्याबाई तिला म्हणाल्या, "चारलं तेवढं बास झालं, विहीणबाई. आता काढा बाहेर."

आणि खरंच, पुढचा महिना आम्ही तेच करत बसलो. लेकराच्या अंगातलं पाणी बाहेर कधी येतं, याची वाट बघत.

* * *

वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर होत्या, लहानखुऱ्या, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. आम्ही त्यांना छोट्या मॅडम म्हणायचो. मी सातवी शिकलेली, मूत्रपिंड म्हणजे काय एवढं पुस्तकात वाचलं होतं, पण पोराच्या पोटात ते नेमकं काय करतं ते मला ठाऊक नव्हतं. मॅडमनी गोळ्यांच्या खोक्याच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं.

एकेका मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्ताच्या केसाएवढ्या नळ्यांचा गुंता, दोऱ्याच्या गुंडीसारखा. रक्त तिथं जोरात येतं. पाणी, मीठ, साखर आणि अंगातली घाण त्या गाळणीतून खाली गळते. रक्ताच्या पेशी आणि प्रोटीन मोठं असतं, ते वरच राहतं, रक्तात परत जातं. ओमच्या गाळणीची छिद्रं सैल झाली होती. प्रोटीनच गळून जात होतं. आणि प्रोटीन कमी झालं की रक्तात पाणी धरून ठेवायला कुणी राहत नाही. ते अंगात पसरतं. म्हणून सूज.

मला निम्मं कळलं. ओमचे पप्पा मात्र एकदम सरसावून बसले. ते लातूरच्या एका डाळमिलमध्ये मशीनवर आहेत.

"म्हणजे जाळी सैल झाली," ते म्हणाले. "चुनी म्हणजे डाळीचा चुरा, ती खाली पडायला पाहिजे आणि डाळ वर राहायला पाहिजे. इथं डाळच खाली पडून राहिली."

मॅडम म्हणाल्या, तसंच काहीसं.

मग काय. त्या दिवसापासून हे वॉर्डातल्या सगळ्या बापांना डाळमिल शिकवायला लागले. मॅडमना त्यांनी हळूच विचारूनही घेतलं, जाळी कितव्या नंबरची असते, कारण लातूरच्या बाजारात सगळ्या नंबरच्या जाळ्या मिळतात.

दुसऱ्या दिवशी मोठे सर राउंडला आले. सोबत शिकणाऱ्या पोरापोरींची रांग. सरांनी यांना विचारलं, "मुलाला काय झालंय, माहिती आहे का?"

"हाव सर," हे हात जोडून म्हणाले. "आमची डाळ चुनीत चालली."

सरांचा पेन हवेतच थांबला. छोट्या मॅडम एकदम खाली वाकून चप्पल नीट करायला लागल्या.

सरही हसले. पण जाता जाता त्यांनी जे सांगितलं त्यानं माझं हसू गेलं. या गोळ्यांनी बहुतेक पोरांची जाळी घट्ट होते. महिन्याभरात लघवी साफ झाली तर घरी जा. नाही झाली, तर पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बघावा लागेल.

सर गेल्यावर मी यांना विचारलं, तुमच्या मिलमध्ये काय करतात जाळी बिघडल्यावर? ते म्हणाले, मशीन बंद करून उघडून बघतात.



* * *

सकाळ झाली की वॉर्डात एकच काम. पोराची पहिली लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि नळीचं तोंड बाजूला धरून ती स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायची. सिस्टरनी आम्हा सगळ्या आयांना शिकवलं होतं. प्रोटीन जात असेल तर तापल्यावर ती पांढरी होते, जास्त असेल तर नासलेल्या दुधासारख्या गाठी. काही जात नसेल तर पाणी ते पाणीच.

आम्ही सगळ्या त्या दिव्याभोवती उभ्या. आधी आपली नळी बघायची आणि लगेच शेजारणीची. शिवकांताची अक्षता, सात वर्षांची, तिलाही हाच आजार. शिवकांताच्या नवऱ्याचं उदगीरला किराणा दुकान आहे, आणि ती अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलते. तिची नळी जरा कमी पांढरी निघाली की मी माझी पुन्हा तापवून बघायचे. आणि माझी कमी पांढरी निघाली की ती म्हणायची, "तू जरा कमीच तापवलीस बघ."

ओमची नळी रोज पांढरी. रोज.

आणि रक्त काढायला सिस्टर आल्या की आत्याबाईंचं काम सुरू. ओमचा हात धरायचा आणि म्हणायचं, "तिकडं बघ रं, खिडकीत मोर आला!"

त्या खिडकीतून दिसायची फक्त दवाखान्याची पाण्याची टाकी. पण ओम मान वळवायचाच. तेवढ्यात सुई टोचलेली असायची.

"आजी, मोर कुठंय?"

"उडाला."

दर वेळी मोर उडायचा आणि पुढच्या वेळी ओम पुन्हा बघायचा. एकदा अक्षतानं त्याला खुन्नस देऊन सांगितलं, तिथं मोर न्हाई, मी नीट बघितलंय. ओम तिला म्हणाला, "तू माझी सुई बघत होतीस. तेव्हाच आला होता."

* * *

आता ते बोअरचं.

आमच्या वॉर्डात पोरानं किती पाणी पिलं तेही मोजायचं आणि किती लघवी केली तेही मोजायचं. प्रत्येक खाटेखाली एक प्लास्टिकचं माप. ओमला पाणी बेतानं, घोटघोट. त्याच्यासमोर पिववत नाही म्हणून आत्याबाई व्हरांड्यात जाऊन प्यायच्या. त्यांना तहान फार. घटाघट तांब्या संपवायच्या आणि बाथरूमला जायच्या, परत यायच्या, परत तांब्या.

तर लघवी वाढली म्हणजे सूज उतरायला लागली, असा हिशेब. त्यामुळं सकाळी आयांमध्ये एकच विषय. दहावीच्या निकालाला पोरींच्या आया बोलतात तशा आम्ही बोलायचो. आमचं कालच्यापेक्षा वाढलं. आमचं तेवढंच हाय. शिवकांता तर अक्षताचं माप असं मिरवत न्यायची, जणू कलशच.

आत्याबाईंना हे सहन होईना. लातूरचं पोरगं उदगीरच्या पोरीच्या मागं म्हणजे काय!

मग ओमचं माप वाढायला लागलं. मोठे सर खूश. मी खूश. यांना फोन करून सांगितलं, त्यांनी मिलमध्ये चहा पाजला. दुसऱ्या दिवशी अजून वाढलं. तिसऱ्या दिवशी सिस्टर खाटेपाशी आल्या, मापाकडं बघितलं, ओमच्या सुजलेल्या पायाकडं बघितलं, आणि मग आत्याबाईंकडं बघत उभ्या राहिल्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "पोरानं पिलंय अर्धा तांब्या आणि काढलंय घागरभर. त्याच्या पोटात बोअर लागलाय का?"

सगळा वॉर्ड हसला. आत्याबाईंनी आधी कानावर हात ठेवले. मग कबूल केलं की थोडंसं नळाचं पाणी घालत होते, पोराला हुरूप यावा म्हणून. छोट्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या मापावरून आम्ही औषध ठरवतो आजी, म्हणाल्या. चुकीचं माप म्हणजे चुकीचं औषध.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. "आजपासून मापाला हात लावणार न्हाई."

"नक्की?" सिस्टरनी विचारलं.

"मापाला न्हाई म्हणजे न्हाई."

ओमला मात्र पुढचे सगळे दिवस वॉर्डबॉयपासून सगळे "काय बोअरवाले, पाणी लागलं का?" असंच विचारायचे.

* * *

ओमच्या लघवीतून जे प्रोटीन जात होतं ते कसलं, असं मी एकदा विचारलं. छोट्या मॅडम म्हणाल्या, अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं ना, तसलं.

हे आत्याबाईंनी ऐकलं.

आमच्या घरात अंडं येत नाही. माहेरीही येत नाही. लातूरच्या आमच्या गल्लीत कुणी आम्लेट केलं तरी आत्याबाई खिडकी लावून घेतात. त्यांनी तिथल्या तिथं ओमची उलटतपासणी सुरू केली.

"ओम्या, खरं सांग. अंगणवाडीत अंडं खाल्लंस का?"

ओमनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"एकदाच," ओम म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण पिवळं न्हाई खाल्लं आजी. पिवळं मी टाकून दिलं."

आत्याबाई ताडकन मॅडमकडं वळल्या. "घ्या, सापडलं. पांढरंच गेलंय पोटात आणि पांढरंच निघून राहिलंय!"

मॅडमनी खूप समजावलं. ते प्रोटीन अंड्यातून थेट येत नाही, आपलं शरीरच ते तयार करतं, सगळ्यांच्या रक्तात असतं, तुमच्याही असतं. उलट ओमच्या अंगातलं कमी होऊन राहिलंय तर उकडलेलं अंडं दिलं तर चांगलंच.

आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी खाल्लेलं तर सगळं निघू द्या."

शेवटी तोड काढली यांनीच. लातूरहून येताना पिशवी भरून तुरीची डाळ घेऊन आले. ओमला मिठाशिवाय वरण सुरू झालं. गोळ्यांनी त्याला भूक एवढी लागायची की भेटायला आलेल्यांच्या पिशव्या तो आधी हुंगायचा. एका पाहुण्यानं विचारलं, काय खातोस रे? तर म्हणाला, "डाळ. माझी सांडती ना, म्हणून."

* * *

पण यांच्या डाळमिलला एक दिवस धक्का बसला.

छोट्या मॅडम निवांत होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांना जाळीचं सांगता ते खरं, पण ते अर्धंच काम आहे. गाळणीतून जे खाली पडतं ती लघवी नव्हेच. ते खूप असतं, मोठ्या माणसाचं दिवसभरात पिंपभर. सगळं बाहेर गेलं तर माणूस दुपारपर्यंत वाळून जाईल. म्हणून गाळणीच्या पुढं एक लांब वाकडीतिकडी नळी असते. त्या नळीच्या कडेनं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. पाणी परत, मीठ लागेल तेवढं परत. नको ते, आणि अंगाला जास्त झालेलं, तेवढंच पुढं जातं. ती लघवी.

हे एकदम अस्वस्थ झाले. "आधी सगळं खाली पाडायचं आणि मग वेचून परत वर घ्यायचं? आमचा मालक असलं मशीन एक दिवस ठेवणार न्हाई."

मला मात्र त्या दिवशी लख्ख कळलं, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"म्हणजे आत्याबाईंच्या पेटीसारखं."

आत्याबाईंची लोखंडी पेटी आहे. दर सणाच्या आधी त्या ती साफ करायला काढतात. सगळं अंगणात ओततात. लुगडी, ओमच्या बापाचं बाळपणीचं टोपडं, तुटक्या बांगड्या, रिकाम्या डब्या, बटणं. वाटतं, आज पेटी रिकामी होणार. मग एकेक वस्तू हातात घेतात, झटकतात आणि परत आत ठेवतात. संध्याकाळी बाहेर काय उरतं? एक फाटकी चिंधी. तेवढी फेकतात आणि म्हणतात, लई घाण निघाली बाई.

मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, अगदी बरोबर, मी आता परीक्षेत हेच सांगणार.

आत्याबाई पदर सावरत म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पेटीतनं मूत निघतंय म्हणा की."

शिवकांता हसून हसून खाटेवर आडवी झाली. "साकु, साकु," म्हणत होती, बास बास. किराणावाल्याची बायको ती, तिनं विचारलं, साखरेचं काय करतात? मॅडम म्हणाल्या, साखर तर सगळीच्या सगळी परत आत. दाणा सांडत नाही. रक्तात साखर इतकी जास्त झाली की पेटीत मावेना, तरच ती बाहेर सांडते.

आत्याबाईंना आयतीच संधी मिळाली. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हिच्यापेक्षा तुमची ती नळी बरी, डॉक्टरीणबाई. आमच्या न्हाणीत बघावं तेव्हा मुंग्या. ही कुठं कुठं साखर सांडती, हिचं हिला ठावं."

आता न्हाणीत मी साखर कशाला नेईन? पण सासूशी वॉर्डात कुठं वाद घालायचा.

* * *

महिना संपत आला. अक्षताची नळी साफ व्हायला लागली होती. पहिल्या दिवशी शिवकांता नळी हातात धरून नुसती उभीच राहिली. मग माझ्याकडं बघितलं आणि नळी पदराआड केली. मला दिसू नये म्हणून. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

ओमची नळी पांढरी ती पांढरीच. थोडी कमी, पण पांढरी. सरांनी सांगितलं, उद्याची बघू. नाही तर परवा सुई.

हे रजा टाकून आले. त्या दिवशी डाळीचा विषय काढला नाही. आत्याबाईंना जेवण गेलं नाही. ओमची पाठ चोळत बसल्या. एवढीशी पाठ, त्यात सुई, असं म्हणायच्या आणि उठून तांब्याभर पाणी प्यायच्या.

सकाळी ओमला बाथरूमला नेहमीसारखं त्यांनीच नेलं. परत आल्या. माप खाटेखाली सरकवलं आणि तपासायची छोटी डबी माझ्या हातात दिली. कपाळाला भस्म ताजं लावलेलं. म्हणाल्या, "तापव. आज साफ निघतंय बघ."

मी दिव्यावर नळी धरली. शिवकांतानं मागून येऊन माझं मनगट धरलं. तापली. वरच्या बाजूला पांढरट ढग आला.

आत्याबाई बघतच राहिल्या. "असं कसं?" म्हणाल्या. "असं होणारच न्हाई."

मी त्यांचं समाधान करायला गेले, माझंच समाधान नव्हतं तरी. तेवढ्यात सिस्टरनी उरलेल्या लघवीत रोजची तपासायची पट्टी बुडवली, प्रोटीन, साखर अशा रंग बदलणाऱ्या चौकटींची. प्रोटीनच्या चौकटीचा रंग आम्हाला पाठ होता. पण शेजारची साखरेची चौकट, जी इतक्या दिवसांत कधी हलली नव्हती, ती कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली.

सिस्टरनी छोट्या मॅडमना हाक मारली. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. या गोळ्यांनी कधीकधी साखर वाढते, म्हणाल्या. म्हणजे आता अजून एक आजार. मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले. ओमचं बोट टोचायला घेतलं. आत्याबाई म्हणाल्या, खिडकीत मोर आला, पण त्यांची नजर त्या तपकिरी चौकटीवर. ओमनं मात्र बघितलं.

मशीनवर आकडा आला. मॅडमनी तो दोनदा बघितला. रक्तातली साखर अगदी बरोबर होती.

"पेटीत साखर जास्त नाही," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मग सांडली कुठून?"

सिस्टर हळूहळू वळल्या.

"आजी."

"मी मापाला हात लावला न्हाई," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "शपथ घेतली हाय."

"मापाचं न्हाई विचारलं. डबीत कुणाचं हाय?"

आत्याबाई पदराशी चाळा करत राहिल्या. यांनी नुसतं "आई?" म्हटलं. तेवढ्यानं त्यांचा बांध फुटला.

"पोराच्या पाठीत सुई घालणार होते. मी एवढी ठणठणीत, जन्मात गोळी गिळली न्हाई. म्हणलं माझं तर साफ निघंल. त्याचं त्याच्या मापात ठेवलंय, थेंब इकडचा तिकडं केला न्हाई."

"अय्यो," शिवकांता म्हणाली.

सिस्टर खाली वाकल्या आणि खाटेखालचं माप बाहेर ओढलं. त्यातलं नव्या नळीत घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. माझ्यानं नळी घेववली नाही. शिवकांतानं घेतली. ती तापवत होती आणि मी तिच्या नळीकडं न बघता तिच्या तोंडाकडं बघत होते. तिचे ओठ हलत होते. कानडीत काहीतरी म्हणत होती.

नळी उकळली. पाणी ते पाणीच.

शिवकांतानं ती खिडकीकडं उंच धरली. नळीतून आरपार पलीकडची टाकी दिसत होती. मॅडमनी पुन्हा नवी नळी घेतली, पुन्हा तापवली. पुन्हा टाकी. सिस्टरनी पट्टी बुडवली, एकही चौकट हलली नाही. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, सरांना सांगते, उद्याची सुई थांबवा.

हे भिंतीला टेकले आणि एवढंच म्हणाले, "डाळ थांबली."

मला रडायचं होतं. पण कुणी रडू दिलं नाही, कारण मॅडमनी एका हातानं आत्याबाईंचं मनगट धरलं होतं.

"आजी, बसा. साखर जुनी झाली की हीच जाळी सैल होते. आता तुमची साखर बघू."

"मला काय झालंय?" आत्याबाई म्हणाल्या. मला आमच्या न्हाणीतल्या मुंग्या आठवल्या.

सिस्टर बोट टोचायचं घेऊन आल्या. ते बघताच आत्याबाई खाटेवरून उठायला लागल्या. नको म्हणाल्या. मला चक्कर येती म्हणाल्या. आधी माझ्या पोराला बोलवा म्हणाल्या, आणि पोरगा तर त्यांच्या खांद्याला धरून उभा होता. सिस्टरनी हात पकडला तर मूठ अशी आवळली की उघडेना. डोळे सिस्टरच्या हातावर खिळलेले.

ओम खाटेवरून उतरला. आजीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि तिची हनुवटी धरली.

"आजी, तिकडं बघ. खिडकीत मोर आला."

आत्याबाईंनी बघितलं.